दाढेची शस्त्रक्रिया आणि शिरेतून भूल : पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात अडकलेली अक्कलदाढ काढून रुग्ण संध्याकाळी घरी जातो, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. १९३४ मध्ये शिरेतून द्यायचे थायोपेंटॉन हे भुलीचे औषध वापरात आले, पण त्याची सुस्ती तासन्‌तास रेंगाळायची. पुढे भूल किंवा गुंगी आणणारी मेथोहेक्सिटोन, डायझेपाम, मिडाझोलाम आणि १९८६ पासून प्रोपोफॉल ही औषधे आली. प्रोपोफॉलचा रुग्ण काही मिनिटांत शुद्धीवर येतो, मळमळही कमी असते.

वाद पेटला तो दाढ काढणाऱ्यानेच भूलही द्यावी का, यावर. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात काही दंतवैद्य मेथोहेक्सिटोन थोडेथोडे देत स्वतःच शस्त्रक्रियाही करायचे. दातांच्या खुर्चीत मृत्यू होत राहिले, विरोध वाढला आणि २००१ च्या अखेरीस तिथे दंतदवाखान्यात पूर्ण भूल देणे बंद झाले. अमेरिकेत मात्र मुखशल्यविशारद प्रशिक्षित सहायकांना घेऊन दोन्ही जबाबदाऱ्या आजही सांभाळतात. खर्च कमी, सोय जास्त आणि अनुभव दांडगा, असे समर्थक सांगतात. हे मुद्दे पोकळ नाहीत. पण इथे शस्त्रक्रियेची जागा हाच श्वासाचा मार्ग असतो. रक्त, पाणी, दाढेचा तुकडा, सगळे घशाकडेच जाते. दाढेत गुंतलेल्या डोळ्यांनी छातीची हालचालही टिपावी, ही अपेक्षा धोक्याची आहे.

नागपुरात तर ती अधिकच धोक्याची. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाऊन तोंड आखडलेले, जेमतेम दोन बोटे उघडणारे रुग्ण इथे रोजचे. गुंगीत अशा रुग्णाचा श्वास थांबला, तर घशात नळी घालायला वाटच नसते. इथे स्वतंत्र भूलतज्ज्ञ हवाच.

१९८०च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर पसरले. पण नाकातून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास थांबल्यावरही त्याचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ श्वास थांबल्याचे आधी दाखवतो, म्हणून गेल्या दीड दशकात त्याचा आग्रह वाढला.

घरी सोडण्याचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. मिडाझोलामवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे, पण त्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते. भंडाऱ्याच्या किंवा वर्ध्याच्या एसटीत बसणाऱ्याच्या बाबतीत ही बारकी गोष्ट नव्हे. शिवाय मिडाझोलाम दिल्यानंतर सांगितलेले रुग्णाच्या लक्षात राहीलच असे नाही, म्हणून औषध-पाण्याच्या सूचना सोबतच्या नातेवाइकाला सांगाव्या आणि लिहूनही द्याव्या लागतात.