हिट पॉइंट्स कशाचे? शब्दांच्या लढाईचे नियम कसे घडले

रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून एकेका पात्राची भूमिका निभावण्याच्या खेळांत, तलवार लागली की पात्राचे हिट पॉइंट्स (तग धरण्याचे गुण) घटतात, याबद्दल खेळाडू हुज्जत घालत नाही. पण ‘तुझ्या पात्राला राजाचं म्हणणं पटलं’ असं फाशांनी सांगितलं, की तो बिथरतो. लढाईचे नियम वादाला लावण्याचे बहुतेक प्रयोग याच अडचणीपाशी येऊन थांबतात.

१९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं मूळ युद्धखेळात होतं. वार, चिलखत, जखमा यांना तक्ते मिळाले. बोलण्याच्या वाट्याला आली दोन फाशांची एक फेक. २ ते ५ आले तर समोरचा विरोधात, ६ ते ८ आले तर संभ्रमात, ९ ते १२ आले तर अनुकूल. १९७६च्या पुरवणीत मानसिक शक्तींचं द्वंद्व आलं, पाच हल्ले विरुद्ध पाच बचाव. तीही मारामारीच, फक्त मनातली. २०००च्या ‘हिरो वॉर्स’ने तलवारबाजी, खटला, सौदा या सगळ्यांना एकच नियम लावला: कौशल्यावरून ॲक्शन पॉइंट्स काढायचे, दर फेरीला हवे तेवढे पणाला लावायचे, ज्याचे संपले तो हरला.

खरं वळण आलं ते २००४च्या ‘डॉग्ज इन द विनयार्ड’मध्ये. पणाला काय आहे ते आधी ठरतं, मग दोघंही आपले सगळे फासे टाकतात. दोन फासे पुढे सारून मुद्दा मांडायचा. समोरच्याने ती बेरीज दोन फाशांत गाठली तर मुद्दा अडला. तीन किंवा जास्त लागले तर वर्मी बसला. फासे संपत आले की माघार घ्यायची, नाहीतर शब्द सोडून हातघाईवर आणि शेवटी बंदुकीवर यायचं. दर पायरीला नवे फासे मिळतात, पण परिणामाचा फासाही (वर्मी बसलेल्या घावाचं नुकसान ठरवणारा) चार बाजूंचा होता तो दहा बाजूंचा होतो. हार मानायची की नाही, हे खेळाडूच ठरवतो.

‘बर्निंग व्हील’च्या २००५च्या सुधारित आवृत्तीने आणखी नेमकं उत्तर दिलं. तिथे हिट पॉइंट्स माणसाचे नाहीत, त्याच्या युक्तिवादाचे आहेत. दोघं तीन-तीन चाली गुपचूप लिहितात आणि एकेक उघडतात. जिंकणाऱ्याचा युक्तिवाद जितका झिजला असेल, तितकी मोठी तडजोड त्याला द्यावी लागते. हरणाऱ्यावर ठरलेली गोष्ट बंधनकारक असते, पण ती मनातून पटलीच पाहिजे असं नाही.

‘एक्झॉल्टेड’च्या २००६च्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र लढाईचा सांगाडा जसाच्या तसा उचलला. नकार द्यायला विलपॉवर (पात्राच्या मनोबलाचे गुण) खर्च होत असे आणि तोच विलपॉवर इतर कामांनाही लागे. त्यामुळे संभाषण म्हणजे समोरच्याचा साठा रिकामा करणं झालं. २००८च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीतल्या स्किल चॅलेंजमध्ये (ठरावीक अपयशं होण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरावीक यशं गाठायची) उलटा दोष होता: विरोधक स्वतः काहीच करत नाही, आणि प्रत्येक अपयश मोजलं जात असल्याने कच्चं कौशल्य असलेले खेळाडू गप्प बसतात. अपयशांची मर्यादा आधी दोन ते सहा होती, ती काही आठवड्यांतच सरसकट तीन करावी लागली; पण गप्प बसणारे गप्पच राहिले.

‘एक्झॉल्टेड’च्या २०१६च्या तिसऱ्या आवृत्तीने ती द्वंद्वपद्धत सोडली. आता आधी समोरच्याच्या निष्ठा आणि जिव्हाळे शोधायचे. मागणी जितकी मोठी, तितका घट्ट धागा हाती लागल्याशिवाय फासे टाकताच येत नाहीत.