बारा मोठे की दहा? नव्या कन्सोलमधली खरी गंमत डिस्कमध्ये आहे

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुतण्याने एक चित्र टाकलं. एका बाजूला काळ्या खांबासारखा उभा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या ताठ कॉलरवाला सोनीचा प्लेस्टेशन ५, मधे ठळक आकडे १२ आणि १०.२८ टेराफ्लॉप, आणि खाली त्याचा मेसेज, "काका, बारा मोठे की दहा? विषय संपला." मी त्याला लिहिलं की अरे विषय संपला नाहीये, आपण चुकीचा आकडा बघतोय. मग उत्तर लिहायला बसलो तर ते एवढं लांबलं की ग्रुपवर टाकण्याऐवजी इथेच टाकतोय. हे लिहितोय ऑक्टोबर २०२० मध्ये, पुढच्या महिन्यात हे दोन्ही कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं) बाहेर येतायत, त्याआधी हे सांगायलाच हवं.

आधी त्या आकड्याचंच बघू. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांश-गणितं. हा आकडा कोणी मशीन चालवून मोजलेला नसतो, तो कागदावरचा गुणाकार असतो. एक्सबॉक्सच्या ग्राफिक्स चिपमध्ये ५२ कॉम्प्युट युनिट, प्रत्येकात ६४ गणिती कप्पे, प्रत्येक कप्पा चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्याला दोन गणितं करतो (एक गुणाकार, एक बेरीज) आणि सेकंदाला ठोके १८२.५ कोटी. गुणा सगळं, १२.१५ टेरा येतं. प्लेस्टेशनमध्ये युनिट ३६ च, पण ठोके जास्त, जास्तीत जास्त २२३ कोटी, म्हणून १०.२८. म्हणजे प्रत्येक कप्पा प्रत्येक ठोक्याला कामात असेल तर इतकी गणितं होतील. तसं कधीच होत नाही, बराच वेळ कप्पे मेमरीतून डेटा यायची वाट बघत बसलेले असतात.

पटत नसेल तर एकाच कंपनीचं उदाहरण घ्या. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचं २०१७ चं व्हेगा ६४ हे ग्राफिक्स कार्ड कागदावर १२.६६ टेराफ्लॉपचं, आणि त्यांचंच २०१९ चं ५७०० एक्सटी ९.७५ चं. गेममध्ये पुढे कोण? ५७०० एक्सटी. कारण त्याची आतली रचना नवी, कप्पे रिकामे बसण्याचं प्रमाण कमी. आता या दोन्ही कन्सोलची चिप एएमडीचीच आहे आणि रचनाही जवळपास सारख्या पिढीची, त्यामुळे इथे तुलना तितकी फसवी नाही, एक्सबॉक्स साधारण १८ टक्के पुढे आहे हे मान्य करायलाच पाहिजे. पण १८ टक्के म्हणजे चित्र थोडं अधिक रेखीव, लांबून ओळखूही येणार नाही इतपत.

खरा बदल कुठे झालाय ते सांगायला मला मागे जावं लागेल, नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमपर्यंत. आठवतंय, आपण कॅसेट घालायचो, बटण दाबायचं आणि गेम लगेच सुरू. लोडिंग नावाची गोष्टच नव्हती. कारण त्या कॅसेटमध्ये फीत नव्हती, मेमरी चिप होती आणि ती खाचेत बसवली की थेट प्रोसेसरच्या तारांना जोडली जायची. प्रोसेसरला हवा तो आकडा हव्या त्या क्षणी मिळायचा. (आणि ती फुंकर! फुंकर मारल्याने कॅसेट चालायची हा आपल्या पिढीचा मोठा गैरसमज आहे. चालायची ती बाहेर काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, तोंडातल्या ओलाव्याने तर पिना गंजायच्या.) मग १९९४ मध्ये पहिलं प्लेस्टेशन सीडी घेऊन आलं, सीडीत कॅसेटच्या शेकडो पट जागा पण वेग सेकंदाला ३०० केबी, आणि तिथून आपण लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसायला लागलो. पुढे सीडीची डीव्हीडी झाली, ब्ल्यू-रे झाली, हार्ड डिस्क आली, पण फिरणारी तबकडी काही गेली नाही.

या तबकडीने गेम कसे घडवले हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

प्लेस्टेशन ४ मधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. तबकडीवर एक दांडी असते, तिच्या टोकाला वाचणारं डोकं. हवा तो डेटा ज्या वर्तुळावर आहे तिथपर्यंत दांडी सरकणार, मग तो तुकडा फिरत फिरत डोक्याखाली यायची वाट बघणार (सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद), मग वाचायला सुरुवात. सगळं धरून एका उडीला १५-१६ मिलिसेकंद समजा. सेकंदाला साठेक उड्या झाल्या. आता प्रत्येक उडीत ६४ केबीचा छोटा तुकडा उचलायचा असेल तर हिशोब करा, सेकंदाला जेमतेम ४ एमबी! हीच डिस्क एका रेषेत सलग वाचत गेली तर ५० ते १०० एमबी देते. म्हणजे डिस्क हळू वाचते यापेक्षा तिला उड्या मारायला लावल्या की ती कोलमडते, हे जास्त महत्त्वाचं.

मग गेम बनवणाऱ्यांनी काय केलं? आपल्या घरात आई जे करते तेच. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट फडताळात पाच ठिकाणी ठेवलं तर तेल तापून धूर निघेपर्यंत फोडणी होणार नाही, म्हणून मिसळणाचा डबा असतो. जे एकत्र लागतं ते एकत्र ठेवायचं. गेममधल्या शहराच्या प्रत्येक गल्लीसाठी असा एक डबा डिस्कवर सलग लिहून ठेवतात, त्यात त्या गल्लीतली झाडं, दिवे, पत्रपेटी, कचराकुंडी सगळं. दांडी एकदाच उडी मारते आणि डबा सलग उचलते. पण पत्रपेटी तर प्रत्येक गल्लीत आहे, मग ती प्रत्येक डब्यात पुन्हा पुन्हा लिहावी लागते, मोहरी प्रत्येक डब्यात घालावी तशी. २०१८ च्या स्पायडर-मॅन गेममध्ये काही वस्तूंचा डेटा डिस्कवर चक्क ४०० वेळा लिहिलेला होता, हे प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी १८ मार्च २०२० च्या भाषणात सांगितलं. ते भाषण गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत व्हायचं होतं, कोरोनामुळे परिषद झाली नाही म्हणून ऑनलाइन आलं आणि जवळजवळ तासभर चाललं, बघणारे बरेच लोक वैतागले कारण त्यांना बॉक्स बघायचा होता आणि हा माणूस डिस्कवर बोलत होता. मी ते दोनदा बघितलं.

आणि एवढं करूनही पुरत नाही. मग गेममध्ये उगाच लांबलचक लिफ्ट येते, दोन कड्यांच्या फटीतून हिरो अंग चोरून हळूहळू सरकतो, वळणावळणाचा बोळ येतो. आपल्याला वाटतं वातावरणनिर्मिती. बऱ्याचदा मागे दांडी डेटा गोळा करत असते, तोवर तुम्हाला गुंतवून ठेवायचं असतं. हिरो किती वेगाने धावू शकतो हेसुद्धा लेखक-दिग्दर्शकाआधी ती डिस्क ठरवत होती. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी जुने गेम पुन्हा खेळताना प्रत्येक लिफ्टकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आता नव्या कन्सोलमध्ये १६ जीबी मेमरी आहे, त्यातली एक्सबॉक्सवर १३.५ जीबी गेमला मिळते. जुन्या डिस्कने १०० एमबीच्या वेगाने ही भरायची तर १३५ सेकंद, सव्वादोन मिनिटं. कोण थांबेल? म्हणून दोन्ही कंपन्यांनी तबकडी काढून टाकली आणि एसएसडी बसवली. हिच्यात हलणारं काही नाही, अब्जावधी बारीक कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि किती कोंडलेत त्यावरून आकडा वाचायचा. दांडी नाही म्हणून उडी नाही, कुठलाही तुकडा साधारण दहावा हिस्सा मिलिसेकंदात हाती. एक्सबॉक्सचा वेग सेकंदाला २.४ जीबी, प्लेस्टेशनचा ५.५ जीबी. म्हणजे तीच १३.५ जीबी एकात साडेपाच सेकंदात, दुसऱ्यात अडीच सेकंदात, तेही डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) न ठेवता.

प्लेस्टेशनचा वेग दुपटीहून जास्त कसा? बँकेत एकाऐवजी बारा काउंटर उघडले तर रांग जशी पळेल तसं. त्यांच्या एसएसडीचा कारभार बघणारी चिप डेटा साठवणाऱ्या फ्लॅश चिपशी १२ वाटांनी एकाच वेळी बोलते. ८२५ जीबी हा विचित्र आकडाही तिथूनच आलाय, प्रत्येक वाटेवर ६४ जीबी, बारा गुणिले ६४ म्हणजे ७६८, आणि ही २ च्या घातांकातली जीबी नेहमीच्या दशमान जीबीत मोजली की ८२५.

पण पाइप मोठा केला की पुढे तुंबतं. डेटा डिस्कवर दाबून ठेवलेला असतो, तो उलगडायला प्रोसेसर लागतो आणि ५ जीबीच्या वेगाने उलगडायचं तर सर्नींच्या हिशोबाने प्रोसेसरचे नऊ कोअर (म्हणजे नऊ स्वतंत्र मेंदू) लागतील, कन्सोलमध्ये आहेतच आठ! म्हणून उलगडण्यासाठी चिपवर वेगळा भागच कोरलाय, दोन्ही कन्सोलमध्ये. प्लेस्टेशनमध्ये उलगडलेला डेटा साधारण ८-९ जीबीने येतो, एक्सबॉक्समध्ये ४.८ ने. आणि मग माझा सगळ्यात लाडका भाग. मेमरीत नवा डेटा जुन्याच्या जागी लिहिला, पण ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या छोट्या खिशात, म्हणजे कॅशमध्ये, त्या जागेची जुनी प्रत अजून पडलेली असते, ती वापरली तर चित्र बिघडणार. सोपा उपाय म्हणजे अख्खा खिसा रिकामा करायचा, पण त्यात कामाचं सामानही जातं आणि चिप पुन्हा वाट बघत बसते. प्लेस्टेशन ५ मध्ये यासाठी पहारेकरी बसवलेत, डिस्ककडून कुठल्या पत्त्यांवर नवा माल आला हे ग्राफिक्स चिपला कळवतात, आणि चिपमधले स्क्रबर फक्त तेवढ्याच जुन्या प्रती वेचून पुसतात, बाकी खिसा जसाच्या तसा. हे जाहिरातीत कुठेही दिसणार नाही, पण यासाठी सिलिकॉन खर्च करणारा माणूस आपल्या कामावर जीव लावून बसलाय हे कळतं.

एक्सबॉक्सची बाजूही तितकीच हुशार आहे, आणि इथे मी पुतण्याच्या बाजूने बोलतो. सोनीने नळ मोठा केला, मायक्रोसॉफ्टने विचारलं की बादली लागते कशाला, तांब्यात भागतंय का बघा. गेममधल्या भिंतीवर चिकटवलेलं चित्र खूप मोठं असतं, पण स्क्रीनवर त्यातला एक कोपराच दिसतो. एक्सबॉक्सची ग्राफिक्स चिप प्रत्येक फ्रेमला कळवते की या चित्राचा मी नेमका कुठला तुकडा वापरला, कितव्या बारकाईने वापरला, मग पुढच्या वेळी तेवढेच तुकडे डिस्कवरून आणायचे. मायक्रोसॉफ्टचा दावा असा की यामुळे वेग आणि मेमरी दोन्ही दोन-तीन पट असल्यासारखं वाटेल. गेम बनवणाऱ्यांनी ते मनापासून वापरलं तर.

आता जरा त्रागा करतो. दोन्ही कंपन्या ८के चं नाव घेतायत. ८के म्हणजे ३ कोटी ३१ लाख पिक्सेल, ४के च्या चौपट, आणि ४के ला सेकंदाला ६० फ्रेम देतानाच या चिपना घाम फुटतो, त्यामुळे ८के साठी टीव्ही बदलायचा विचारसुद्धा करू नका. आणि याच महिन्यात, ऑक्टोबर २०२० मध्ये, आपल्याकडे राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवली, मोबाइलला लावली की रेडिएशन कमी होतं म्हणे. मोबाइलच्या रेडिओ लहरी अडल्या तर फोनच लागणार नाही, आणि फोन लागतोय म्हणजे काही अडलेलं नाही, एवढं शाळेतलं विज्ञान पुरे आहे. जगात एकीकडे ७ नॅनोमीटर प्रक्रियेने एका चिपवर १५३० कोटी ट्रान्झिस्टर कोरतात (हा आकडा एक्सबॉक्स सिरीज एक्सचा) आणि चिप हाच शब्द आपण असल्या गोष्टीला वापरतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर पुतण्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बारा आणि दहा यात फरक आहे पण थोडा. डिस्कच्या वेगातल्या २.४ आणि ५.५ जीबीत फरक जास्त आहे, तरी तोही दुय्यम. खरी उडी जुन्या डिस्कच्या ०.१ जीबीवरून या दोघांपर्यंतची आहे आणि ती दोन्ही बॉक्सनी मारलीये. भारतात एक्सबॉक्स १० नोव्हेंबर २०२० ला येतोय, जाहीर झालेली किंमत सिरीज एक्सची ४९,९९० रुपये आणि छोट्या सिरीज एसची ३४,९९०. प्लेस्टेशन ५ पण ४९,९९० लाच आहे, ब्ल्यू-रे घालायची खाच नसलेला ३९,९९० ला, पण सोनीने इथली तारीख आत्तापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२० पर्यंत, सांगितलेली नाही. तुझे मित्र ज्यावर आहेत तो घे.

फक्त घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी काही अद्भुत दिसेल असं समजू नकोस. लोडिंग पटकन होईल, बस. सुरुवातीचे बरेचसे गेम जुन्या कन्सोलवरही निघतायत, नवा स्पायडर-मॅनसुद्धा प्लेस्टेशन ४ वर येतोय, म्हणजे त्याचा नकाशा आणि हिरोचा वेग अजूनही त्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला झेपेल असाच आखावा लागणार. मी वाट बघतोय ती रॅचेट अँड क्लँक या गेमची, तो प्लेस्टेशन ४ वर येणार नाहीये, प्लेस्टेशन ५ साठी बनतोय. त्याच्या डेमोत हिरो एका भगदाडातून उडी मारतो आणि एक-दोन सेकंदांत अख्खं दुसरं जग समोर, मधे ना लिफ्ट ना बोळ. तो आला की तुझ्याकडे खेळायला येईन, चहा तयार ठेव.