एकाच राजाची प्रजा, पण वयात वीस वर्षांचा फरक

सतराव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींपैकी उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावात वसलेल्या पहिल्या पिढीतल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सत्तरीच्या पुढे होतं. त्याच काळात त्याच इंग्लंडमधून दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात उतरलेला विशीतला जवान पन्नाशी क्वचितच बघायचा. भाषा एक, राजा एक, वैद्यांची औषधं दोन्हीकडे सारखीच निरुपयोगी. तरीही हा फरक.

उत्तरेतले प्युरिटन (कडव्या शिस्तीचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) देवभीरू आणि कष्टाळू, दक्षिणेतले पैशाच्या मागे लागलेले, असं याचं ठरीव उत्तर दिलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही, पण देवभक्तीने ताप उतरत नाही. दक्षिणेतली माणसं मारणारा हा ताप म्हणजे हिवताप. तो पसरवणारा अ‍ॅनोफेलिस डास होता, आणि हे कळायला १८९७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला.

परजीवीला डासाच्या अंगात वाढायला ऊब लागते. त्यातल्या व्हायवॅक्स जातीला १५-१६ अंश सेल्सिअस पुरतात. ती इंग्लंडमधल्या केंट-एसेक्सच्या दलदलींत आधीपासूनच होती आणि वसाहतकऱ्यांच्या रक्तातून अमेरिकेत गेली. फाल्सिपेरम ही जास्त जीवघेणी जात. तिला १८ ते २० अंशांहून कमी चालत नाही. हवा थंड असली की परजीवी तयार होईपर्यंत डासच मरून जातो. न्यू इंग्लंडचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या उत्तरेकडच्या वसाहतींचा, उन्हाळा आखूड, त्यामुळे तिथे हिवतापाला नीट पाय रोवता आले नाहीत. व्हर्जिनियात चेसापीक उपसागराच्या काठी दमट उन्हाळा, खाड्या आणि साचलेलं पाणी, सगळं हाताशी होतं.

तिथली सुरुवातच वाईट झाली होती. व्हर्जिनियातलं पहिलं इंग्रज ठाणं जेम्सटाउन १६०७ साली वसलं. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांची वर्तुळं मोजल्यावर दिसलं, की १६०६ ते १६१२ हा ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा पट्टा होता. नदीचं पाणी मचूळ, पीक नाही, शेजारच्या पोहॅटन या मूळनिवासी लोकांकडेही द्यायला मका नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यानंतर जेमतेम साठ माणसं उरली.

वसाहत तगली ती तंबाखूवर. पण तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खाऊन टाकतो, मग नवं रान तोडायचं. त्यामुळे मळे नद्यांच्या काठाने लांबलांब पसरले. जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागायचं, त्यामुळे गावं वाढलीच नाहीत. मजूर म्हणून इंग्लंडमधून चार ते सात वर्षांच्या करारावर तरुण पोरं आणली जात. बायका फारच कमी, सुरुवातीला तर एका बाईमागे चार ते सहा पुरुष. लग्न उशिरा, मरण लवकर, विधवेचं पुन्हा लग्न. सावत्र आईबापांच्या घरात वाढणं हे तिथल्या मुलांचं नेहमीचंच प्राक्तन होतं.

न्यू इंग्लंडला मात्र अख्खी कुटुंबं आली; १६३० ते १६४० या दशकात सुमारे २० हजार माणसं. जमीन खडकाळ. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने उत्तरेकडून ओढून आणलेले धोंडे तिथेच टाकले होते, आणि ते एकदा वेचून काम संपत नसे. हिवाळ्यात दगडाखालचं पाणी गोठून फुगतं आणि दगडाला वर ढकलतं. बर्फ वितळताना भोवतालची माती खाली सरकून पोकळी बुजवते आणि दगड वरच अडकतो. म्हणजे दर वसंतात शेतात दगडांचं नवं पीक! त्या दगडांचे बांध आजही तिथल्या जंगलांतून दिसतात. अशा शेतीतून विकण्याजोगं फारसं निघेना, तेव्हा माणसं समुद्राकडे वळली. कॉड मासा सुकवून विकायचा. चांगला माल युरोपला, आणि सगळ्यांत हिणकस वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या पोटासाठी. गुलामगिरीच्या पैशापासून उत्तर दूर होती असं म्हणणाऱ्यांनी हा मासा लक्षात ठेवावा.

दीर्घायुष्याचेही ताप होते. अँडोव्हरमधले बाप जमीन स्वतःच्याच नावावर ठेवत. सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघणारे मुलगे आपल्याला नवे नाहीत. त्या मुलांची लग्नं सरासरी २७ व्या वर्षी होत.

या दोहोंच्या मधल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीला (स्थापना १६८१) चुनखडीची सुपीक माती मिळाली, तिथे गहू पिकला, आणि फिलाडेल्फिया पिठाच्या व्यापारावर मोठं झालं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर फाल्सिपेरमही आला. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे व्हायवॅक्सला आत शिरणं अवघड जातं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एकच जनुक असलेल्यांना फाल्सिपेरमपासूनही बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे मळेवाल्यांच्या हिशेबात आफ्रिकी मजूर जास्त टिकणारा ठरला. पण यावरून 'डासाने गुलामगिरी आणली' असं म्हणणं मला पटत नाही. आई गुलाम तर मूलही गुलाम, हा १६६२ चा व्हर्जिनियाचा कायदा माणसांनी लिहिला होता.

व्हर्जिनियाच्याही दक्षिणेला असलेल्या साउथ कॅरोलिनात हे सगळं टोकाला गेलं. तिथल्या दलदलीत भात लावला गेला, आणि भाताचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. उखळात मुसळाने भात कांडणं, गवताच्या विणलेल्या पसरट टोपल्यांत तो पाखडणं ही कामं गुलाम माणसं करत. तशा टोपल्या चार्ल्सटनजवळ अजून विणल्या जातात. १७०८ च्या सुमारास कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांच्या बरोबरीला आली आणि मग पुढे गेली. पाणी तुंबवलेली खाचरं म्हणजे डासांची हक्काची पैदास. ऐन उन्हाळ्यात मालक चार्ल्सटनच्या समुद्रवाऱ्यात राहायला जात. गुलाम खाचरातच राहत, आणि संरक्षण असलं तरी त्यांची मुलं तापाने मरतच.

अमेरिकेच्या दक्षिणेतला हिवताप पुढे विसाव्या शतकापर्यंत टिकला. १९४६ साली सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचं मुख्य काम हिवताप निर्मूलन हेच होतं. म्हणून तिचं मुख्यालय राजधानी वॉशिंग्टनला न होता दक्षिणेत, अटलांटाला झालं. ते आजही तिथेच आहे.