टर्ब्युलन्समधील इजा आणि विमान कर्मचाऱ्यांतील संवाद

उडत्या विमानाला हवेतील खळबळीमुळे (टर्ब्युलन्समुळे) बसणाऱ्या हादऱ्यांत प्रवासी व कर्मचारी जखमी होतात. ते टाळण्यासाठी, आणि टळले नाही तर पुढचे निस्तरण्यासाठी, कॉकपिट व केबिन यांच्यात ठरावीक पद्धतीने बोलणे होते. विमान असे हादरे सोसेल अशाच बेताने बांधलेले असते. मोडतात ती माणसांची हाडे, आणि तीही बहुतेक पट्टा न बांधलेल्यांची किंवा कामासाठी उभ्या असलेल्यांची. म्हणून वैमानिकाला धोका कळला त्या क्षणापासून केबिनमधला शेवटचा माणूस पट्ट्यात बसेपर्यंत जो वेळ जातो, तो कमी करणे हेच या संवादाचे मुख्य काम.

सीमाभागातील हवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले लोक सांबऱ्याहून (बेळगाव) उडतात, नाहीतर उजळाईवाडी (कोल्हापूर), हुबळी, किंवा गोव्यातले दाबोळी वा मोपा गाठतात. या सगळ्या विमानतळांच्या हवेवर सह्याद्रीचा हात आहे. मार्च ते मे महिन्यांत दुपार कलली की वळवाचे ढग चढतात. त्यांचे माथे १२ किलोमीटरच्याही वर जातात. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत जाऊ शकते आणि प्रत्यक्षात बरेच खाली उडते. त्याला ढगावरून जाता येत नाही, वळसाच घालावा लागतो. गडगडाटी ढगापासून २० सागरी मैल दूर राहावे असा सर्वसाधारण नियम आहे, पण ढगांची रांग लागली की एवढी फट मिळत नाही.

पावसाळ्यातला प्रकार वेगळा. तेव्हा पश्चिमेचा वारा सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात असतो. आंबोली-चोर्ल्याच्या डोंगरधारेवरून तो पूर्वेला उतरताना लाटा धरतो. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, त्यामुळे वाऱ्याचा हा थर नेमका उतरण्याच्या टप्प्यात लागतो. त्याच वेळी केबिनमध्ये कप-बाटल्या गोळा करायची घाई चाललेली असते.

विमानाच्या रडारला पाण्याचे थेंब दिसतात, हवा दिसत नाही. कोरड्या गारांवरून परतणारा संकेतही कमकुवत असतो. निरभ्र आकाशातल्या खळबळीचा पत्ता रडारवर लागतच नाही. हिवाळ्यात दिल्लीकडे जाणाऱ्या जेट विमानांना वरच्या वेगवान वाऱ्याच्या कडेला ती भेटते. तिथे पुढे गेलेल्या विमानाच्या वैमानिकाने रेडिओवर दिलेली खबर हाच मोठा आधार. उत्तर अटलांटिकवरील एखाद्या सर्वसाधारण ठिकाणी अशी तीव्र खळबळ १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढली, असे रीडिंग विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासात आढळले आहे.

इजा कशी होते

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ म्यानमारवर ३७,००० फुटांवर होते. आधी काही सेकंद हलकी थरथर झाली आणि वैमानिकाने पट्ट्याचा दिवा लावल्याचे सांगितले. पाठोपाठ ०.६ सेकंदात शरीरावरचा भार अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला (१ जी म्हणजे जमिनीवर उभे असताना जाणवणारा नेहमीचा भार), म्हणजे न बांधलेला माणूस छताकडे फेकला गेला. पुढच्या ४ सेकंदांत भार अधिक १.५ वर आला आणि तोच माणूस खाली आदळला. या सगळ्यात विमान खाली आले ते फक्त १७८ फूट. हजारो फुटांच्या गप्पा प्रवासी नेहमीच करतात, पण मान मोडायला एवढे पुरते. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेकांच्या मणक्यांना इजा झाली. दिवा लागला होता, पट्टा बांधायला वेळ मिळाला नाही.

कर्मचाऱ्यांच्या दुखापती निराळ्या. पायाखालची जमीन खाली जाते आणि लगेच वर येते. अंगाचा सगळा भार घोट्यावर येऊन घोटा किंवा नडगीचे हाड मोडते. शेपटाकडच्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) हे जास्त होते, कारण विमानाचे शेपूट मध्यभागापेक्षा जास्त वरखाली होते. भरलेल्या मोठ्या ट्रॉलीचे वजन १०० किलोच्या आसपास जाते. तिला दोन पेडल असतात: लाल दाबले की ब्रेक, हिरवे दाबले की मोकळी. ब्रेक लावूनही ती उसळू शकते, म्हणून तीव्र खळबळीत तिला आसनांच्या मध्ये तिरकी अडकवतात. गरम पाण्याचे भांडे वर ठेवायचे नाही. ते गॅलीत बंद करायचे, तेवढा वेळ नसेल तर जमिनीवर ठेवायचे. मांडीवरचे मूल हातांनी धरून राहत नाही, त्याला वेगळा छोटा पट्टा लागतोच. डोक्यावरच्या कप्प्यात कोंबलेला कुंद्याचा जड डबा दार उघडताच कुणाच्या तरी कपाळावर येतो, तोही खळबळ संपल्यावर.

काय सांगायचे, कसे सांगायचे

उड्डाणापूर्वी कॅप्टन केबिन कर्मचाऱ्यांना हवेची माहिती देतो. ‘थोडं हलेल’ हे सांगणे निरुपयोगी. टेकऑफनंतर किती मिनिटांनी, किती वेळ, हलकी की मध्यम, आणि सेवा सुरू करायची की नाही, या चार गोष्टी कळल्या तरच मागच्यांना काम आखता येते. हलकी म्हणजे कपातला चहा हिंदकळतो. सेवा जपून चालते, गरम पेय थांबते. मध्यम म्हणजे काही न धरता चालता येत नाही. सेवा बंद, ट्रॉली जागेवर, कर्मचारी आसनात. तीव्र म्हणजे पट्टा अंगात रुततो आणि सुटी वस्तू उडते. तेव्हा आहे तिथे, जवळच्या रिकाम्या आसनात बसायचे. आसन नसेल तर जमिनीवर बसून आसनाचा पाया धरायचा, शेजारच्या प्रवाशांनी कर्मचाऱ्याला धरून ठेवायचे. ट्रॉली मागे नेत बसायचे नाही. सवयीने ती आधी आवरायला जाणे हीच नेहमीची चूक.

पट्ट्याच्या दिव्याबरोबर वाजणारी ‘टिंग’ खळबळ किती ते सांगत नाही. शिवाय हवेच्या किरकोळ हालचालीतही दिवा लावून ठेवला की त्याची किंमत उरत नाही. इंटरफोनवर निरोप द्यायचा तर कर्मचाऱ्याला उभे राहून फोनपर्यंत जावे लागते, म्हणजे सांगण्यातच धोका. म्हणून अचानक प्रसंगी वैमानिक थेट लाउडस्पीकरवरून ‘केबिन क्रू, बी सीटेड’ असे म्हणतो आणि उत्तराची वाट पाहत नाही.

निरोप उलट दिशेनेही जायला हवा, आणि घोळ जास्त होतो तो इथेच. मागे जे जाणवते ते पुढे तेवढे जाणवत नाही. कॉकपिटचे दार कायम बंद असते, त्यामुळे इंटरफोन हाच एक मार्ग. नवी मुलगी कॅप्टनला ‘सर, मागे फार हलतंय, दिवा लावा’ म्हणायला कचरते. ते म्हणण्याचा तिला हक्क आहे, आणि सांगण्याआधी स्वतः बसण्याचाही. हे कॅप्टनने उड्डाणापूर्वीच मोकळेपणाने सांगितले तर निम्मा संकोच जातो.

दिवा लागलेला असणेही पुरेसे नाही. १ मे २०२२ रोजी मुंबई-दुर्गापूर विमान उतरत असताना तीव्र खळबळीत सापडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितल्याप्रमाणे १४ प्रवासी व ३ केबिन कर्मचारी जखमी झाले. उतरताना कर्मचाऱ्यांना लवकर बसवावे, अशी शिफारस अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ च्या अभ्यासात केली, ती याच कारणाने.

लहान विमान

भारतात ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी हा किमान नियम आहे. एटीआर ७२ वर दोघे, आणि ५० आसनांच्या जेटवर नियमाने एकच पुरतो. तो एकटा पडून जखमी झाला तर कॉकपिटला खबर द्यायला कुणी उरत नाही. अशा वेळी खळबळ ओसरल्यावर वैमानिकांनी स्वतः फोन करून विचारावे, उत्तर न आल्यास लाउडस्पीकरवरून प्रवाशांना सूचना द्यावी. बेळगाव-बेंगळूरसारख्या सुमारे तासाभराच्या फेरीत सपाट उड्डाणाचा वेळ अपुरा असतो आणि सेवा उरकायचा मोह मोठा. हिंदी-इंग्रजी घोषणा खानापूरच्या एखाद्या आजीच्या डोक्यावरून जाते. ‘बसा, पट्टा बांधा’ एवढे मराठीत आणि कानडीत कर्मचाऱ्याला येत असेल तर काम लवकर होते.

नंतरचे काम

कॅप्टनने मोकळीक दिल्याशिवाय कुणी उठायचे नाही; पहिल्या हादऱ्यामागून दुसरा येतो. मग एकाच व्यक्तीने कॉकपिटला कळवायचे: जखमी किती, कोणत्या आसनावर, शुद्धीवर आहेत का, रक्तस्राव आहे का, विमानात डॉक्टर आहे का. कॅप्टन उलट काय घडले, काय करणार, किती वेळ आहे आणि खास सूचना कोणती, हे त्याच क्रमाने सांगतो, आणि ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो. मान दुखते म्हणणाऱ्याला हलवत नाहीत, जागेवरच मानेला आधार देतात.

गंभीर इजेची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरलेली आहे. तिच्यातल्या इथे लागणाऱ्या दोन गोष्टी: इजेनंतर सात दिवसांच्या आत सुरू झालेला ४८ तासांहून जास्त काळाचा रुग्णालयवास, किंवा हाड मोडणे, बोटे व नाक यांचे साधे मोड त्यात धरत नाहीत. घोटा मोडला की विमानाला ओरखडाही नसताना तो प्रसंग ‘अपघात’ ठरतो. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रकात बऱ्याच विमानांत शेवटच्या दोन तासांचेच बोलणे राहते, म्हणून उतरताच त्याची वीज तोडावी लागते. तीव्र खळबळीची नोंद वैमानिकाने लॉगबुकात केली तरच अभियंते पंख व सांधे तपासतात. नोंद राहिली तर तेच विमान न तपासता पुढच्या फेरीला जाते.

उतरण्याआधी नियंत्रण कक्षाला ‘रुग्णवाहिका पाठवा’ एवढेच सांगून भागत नाही. एटीआरचा प्रवासी दरवाजा शेपटाकडे असतो आणि त्याची शिडी अरुंद. मणक्याचा रुग्ण किती, चालू शकणारे किती, स्ट्रेचर किती लागतील, हे आकडे आधी कळले तर सांबऱ्यावर माणसे शिडीपाशी उभी राहतात. नाहीतर चालणारे आधी उतरतात आणि पाठ मोडलेला माणूस मध्येच अडकून राहतो.