सौजन्य वेगळं, जाहिरात वेगळी

गणपतीच्या मांडवावर ‘सौजन्य : अमुक ज्वेलर्स’ असा फलक लागतो. त्यात समजावण्यासारखं काही नाही. सराफाने कमानीचा खर्च उचलला, मंडळाने नाव लावलं, विषय संपला. आरतीनंतर कुणी कार्यकर्ता माइकवर येऊन ‘या पेढीचं सोनं मी स्वतः पारखून घेतलंय’ असं सांगत नाही. टेनिस बॉल स्पर्धेचा चषक, भजनी मंडळाच्या सतरंज्या, सगळं त्यातलंच.

घोळ होतो तो खाण्याच्या, शेतीच्या नि साड्यांच्या व्हिडिओंत. तिथे ज्याने दिलं त्याचंच कौतुक चाललेलं असतं आणि खाली हात जोडलेल्या चित्रासकट ‘विशेष सौजन्य’ लिहिलेलं असतं. हे लिहिलं की आपण सगळं उघड केलं, असा लोकांचा प्रामाणिक समज आहे. तो ऐकून ऐकून मी कंटाळलोय.

माझ्या भाच्याचंच घ्या. थंडीत आपल्याकडे भरीत पार्ट्यांना ऊत येतो, तेव्हा त्याने जळगावजवळच्या एका ढाब्यावर व्हिडिओ केला. सात पोरं फुकट जेवली, खाली ‘सौजन्य’ पडलं. त्याच्या शब्दावर मी नाशिकच्या व्याह्यांना तिथे घेऊन गेलो. समोर आलं ते मिक्सरमधून काढलेलं, चिकट, धुराचा वासही नसलेलं भरीत. व्याही सभ्य माणूस, कळण्याच्या पुऱ्यांचं कौतुक करत राहिले. मी घरी येऊन भाच्याला फोन लावला.

‘मामा, एक रुपया घेतला नाही मी. आणि खोटंही बोललो नाही. आमच्यासमोर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली.’

तो खरंच बोलत होता, आणि लोक नेमके इथेच अडकतात. जाहिरात आहे हे सांगायचं म्हणजे ‘मी खोटं बोललो’ अशी कबुली द्यायची, असं त्यांना वाटतं. म्हणून ज्याचं मत मनापासूनचं आहे तो म्हणतो, मला कशाला सांगायला हवं? पण मत खरं की खोटं हा प्रश्नच नाही. भाचा आमंत्रित पाहुणा होता. पाहुण्यांसाठी बडगी निघाली, गिऱ्हाइकांसाठी मिक्सर फिरला. तो फुकट जेवलाय हे सुरुवातीलाच कळलं असतं, तर मी त्याचं मत त्या हिशेबाने ऐकलं असतं. ‘सौजन्य’ या शब्दाने यातलं काहीच कळत नाही. ढाबेवाला दिलदार आहे एवढंच कळतं. काय दिलं, कशाबद्दल दिलं, ते झाकलेलंच राहतं.

‘पैसे नाही घेतले’ ही पळवाटही चालत नाही. जाहिरातींवर स्वनियंत्रण ठेवणारी ‘ॲस्की’ ही संस्था १९८५ पासून आहे. तिने इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे असे व्हिडिओ टाकणाऱ्यांसाठी, केलेले नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. त्यांत फुकट वस्तू (अट घातलेली असो वा नसो), सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, नोकरीचा किंवा घरचा संबंध, हे सगळं देण्याघेण्यातच धरलंय. घरचा संबंध हा शब्द खानदेशात जरा जपून वाचावा. साडूच्या दुकानातल्या साड्या दाखवताना साडूचं दुकान आहे हे सांगायचं.

सांगायचं कुठे, हेही ठरलेलं आहे. मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत, ‘आणखी वाचा’ न दाबता दिसेल असं. सत्तावीस हॅशटॅगच्या गर्दीत बारीकसं ‘ॲड’ कोंबणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते निदान तीन सेकंद दिसलं पाहिजे. दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक-तृतीयांश वेळ. त्याहून मोठ्यात, त्या वस्तूबद्दल बोलणं चालू असेल तोवर. जाहिरात मराठीत असेल तर मराठीत लिहिलेलं चालतं. मग ‘कोलॅबरेशन’चं आखूड केलेलं ‘कोलॅब’ कशाला? माझ्या आईला ‘कोलॅब’ म्हणजे गोळीचं नाव वाटलं होतं. ‘जाहिरात’ लिहा, शेंबड्या पोरालाही कळतं.

भरीत बिघडलं तर एक जेवण वाया जातं. शेतीत तसं नाही. केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १,७४० रोपं बसतात. कुणी व्हिडिओत एखादं टॉनिक सुचवलं आणि ते झाडामागे दोन रुपयांना पडलं, तर एका वेळचेच साडेतीन हजार गेले. सुचवणाऱ्याला कंपनीने ‘पीक पाहणी’ म्हणून चार दिवस फिरवून आणलं होतं, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला बाटली घेण्याआधी कळायला नको? शेवटी ‘कंपनीचे आभार’ म्हटल्याने ते कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या व्यक्तीवर वर्षभराची बंदीही येऊ शकते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, तिचंही म्हणणं तेच: साध्या भाषेत, ठळक सांगा. आयकरवाले तर २०२२ पासूनच फुकटच्या वस्तूंकडे बघतायत. दाखवायला दिलेला मोबाइल परत केला तर तो लाभ नाही, ठेवून घेतला तर लाभ. ‘सौजन्य’ त्यांच्याही हिशेबात बसत नाही.

भाच्याने आता तोंडानेच सांगायला सुरुवात केलीय: ‘आजचं जेवण हॉटेलवाल्यांनी दिलंय, ही जाहिरात आहे.’ दोन हॉटेलवाले त्यावर फुरंगटले, तिसऱ्याने बोलावलं. गेल्या आठवड्यात मात्र तो भुसावळला स्वतःच्या खिशातून शेवभाजी खाऊन आला आणि मला विचारू लागला, ‘मामा, आता वर काय लिहू?’ काही नको, म्हटलं. बिल तू भरलंस ना?