कोड तोच, उत्तर मात्र शिळं

प्रोग्राम संगणकासाठी लिहायचा आणि त्याचं स्पष्टीकरण माणसांसाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं, ही रीत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना पटत नव्हती. १९८४ मध्ये त्यांनी ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ ही कल्पना लेखातून मांडली. स्पष्टीकरणाच्या ओघातच कोड यावा आणि दोन्ही एकाच फाइलीत राहावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ‘वेब’ नावाच्या प्रणालीत (इंटरनेटवरच्या वेबशी हिचा काही संबंध नाही) त्या फाइलीतून एक अवजार चालवण्याजोगा पास्कल भाषेतला कोड काढायचं, तर दुसरं छापण्याजोगा मजकूर.

पुढे संख्याशास्त्रवाल्यांनी यात भर घातली. कोडचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, अहवाल तयार होतानाच चालवायचा आणि त्यातून निघालेला तक्ता किंवा आलेख थेट त्याच जागी बसवायचा. आर भाषेसाठी २००२ मध्ये आलेलं स्वीव्ह, २०१२ मध्ये आलेलं निटर, ईमॅक्स या मजकूर-संपादकातला ऑर्ग मोड, ज्युपिटर नोटबुक ही सगळी याच कुळातली. आकडे हाताने उतरवून घेण्याची भानगडच उरत नाही.

पण एक किंमत मोजावी लागते. प्रस्तावनेतला स्वल्पविराम सुधारला तरी अहवाल नव्याने तयार करताना सगळे ब्लॉक पुन्हा चालतात. त्यातला एखादा तासभर गणित करत बसणारा असेल, तर लिहिणारा स्वल्पविराम सुधारायचाच सोडून देतो. म्हणून कॅशे: एकदा काढलेलं उत्तर डिस्कवर ठेवायचं आणि ब्लॉक बदलला नसेल तर तेच परत वापरायचं.

बदलला नाही हे कळतं कसं? निटर ब्लॉकमधला कोड आणि त्याचे पर्याय (ब्लॉक कसा चालवायचा याच्या सूचना) एकत्र करून त्यांचा एमडी५ हॅश काढतं. हॅश म्हणजे मजकुराचा बोटाचा ठसाच. मजकूर कितीही लांब असो, ठसा १२८ बिटांचा, आणि एक अक्षर बदललं तरी पार वेगळा. जुना ठसा जुळला की ब्लॉक चालवायचा नाही, साठवलेलं उत्तर उचलायचं. ऑर्ग मोड यासाठी एसएचए-१ ही हॅशची दुसरी पद्धत वापरतो आणि तो हॅश चक्क दस्तऐवजातच, उत्तराच्या डोक्यावर लिहून ठेवतो. ही उघडी पद्धत मला जास्त आवडते.

कोडमध्ये नुसती एक मोकळी जागा वाढवली तरी हॅश बदलतो आणि तासाचं गणित पुन्हा सुरू होतं. चिडचिड होते, पण नुकसान फक्त वेळेचं. खरा धोका उलट बाजूला आहे: उत्तर बदलायला हवं असताना हॅश न बदलणं. हॅश ब्लॉकचा मजकूर पाहतो. ब्लॉक कशाकशावर अवलंबून आहे, हे त्याला दिसत नाही.

समजा, पहिला ब्लॉक मोजमापांतल्या संशयास्पद नोंदी गाळतो आणि दुसरा सरासरी काढतो. गाळण्याचा निकष बदलला की पहिला ब्लॉक पुन्हा चालेल. दुसऱ्यातलं एकही अक्षर बदललेलं नाही, त्यामुळे तो जुनीच सरासरी दाखवेल. अहवालात नव्या निकषाशेजारी जुनं उत्तर, आणि चुकीचा संदेश कुठेच नाही! निटरमध्ये अशी अवलंबित्वं हाताने नोंदवता येतात किंवा चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) नावांवरून आपोआप शोधायला सांगता येतात. आपोआप शोध दरवेळी अचूक असतोच असं नाही. डेटाची फाइल बदलली तर तीही हॅशच्या नजरेत येत नाही. उपाय असा की फाइलीचाच हॅश काढून तो ब्लॉकच्या पर्यायांत घालायचा, म्हणजे फाइल बदलली की ब्लॉकचाही ठसा बदलेल. कोड ज्यावर विसंबतो त्या पॅकेजची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती आली, तरी हीच अडचण.

ब्लॉक काही वेळा उत्तर देण्यापलीकडेही काम करतो, जसं दशांशस्थळं किती दाखवायची ते ठरवणं किंवा डिस्कवर फाइल लिहिणं. कॅशेतून उत्तर उचललं की हे काम त्या वेळी होतच नाही. म्हणून मांडणी करणारे ब्लॉक कॅशेबाहेर ठेवावेत. यादृच्छिक संख्यांचं प्रकरण आणखी फसवं आहे. सीड, म्हणजे त्या संख्यांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा, ठरवून दिलं नसेल तरी कॅशेमुळे रोज तेच आकडे दिसतात आणि निकाल पक्का वाटतो. कॅशे पुसला की आकडे हलतात. त्यामुळे लिहिताना कॅशे जरूर वापरावा, पण अहवाल कुणाला पाठवण्याआधी कॅशेचा फोल्डर उडवून सगळं पहिल्यापासून चालवावं, असं माझं मत आहे.

ज्युपिटरमध्ये असा कॅशे मुळात नसतो, पण चालू सत्राची स्मृती तेच काम करते. सेल (नोटबुकातला कोडचा ब्लॉक) पुसली तरी तिने तयार केलेला चल जिवंत राहतो; सेल कुठल्याही क्रमाने चालवता येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरची लाखो नोटबुकं पुन्हा चालवून पाहिली. जेमतेम २४ टक्के विनाचूक शेवटपर्यंत गेली आणि साठवलेलीच उत्तरं पुन्हा मिळाली ती सुमारे ४ टक्क्यांत. सगळा दोष स्मृतीचा नव्हे. हवी ती पॅकेजं नसणं हेही एक मोठं कारण होतं.

ज्युलिया भाषेसाठीचं प्लुटो आणि पायथनसाठीचं मारिमो यांनी वेगळी वाट धरली. कोणती सेल कोणता चल घडवते आणि कोणती तो वापरते, याचा आराखडा ती स्वतः तयार करतात. एक सेल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सेल आपोआप चालतात. सेल पुसली की तिचे चलही जातात. त्यासाठी एक जाच सोसावा लागतो: एकच चल दोन सेलमध्ये घडवता येत नाही. ज्युपिटरची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला फार खुपतं. आणि दुसऱ्या सेलमध्ये घडवलेल्या यादीत एखाद्या सेलने गुपचूप नवा घटक घुसवला, तर तो बदल या आराखड्यालाही दिसत नाही.