थिन-फिल्म मेमरी प्रयोगशाळेतच राहिली?

संगणकाच्या इतिहासावर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: आधी फेराइटच्या इवल्या चुंबकीय कड्यांत माहिती साठवणारी कोअर मेमरी आली, मग थेट सिलिकॉन चिप, मधली चुंबकीय थिन-फिल्म (धातूच्या पातळ थराची) मेमरी प्रयोगशाळेबाहेर पडलीच नाही. हे चूक आहे.

१९६२ मध्ये ग्राहकांकडे पोहोचू लागलेल्या युनिव्हॅक ११०७ या संगणकात ३६ बिटांचे १२८ शब्द (संगणक एका वेळी हाताळतो ते माहितीचे तुकडे) थिन-फिल्ममध्ये साठत. मुख्य मेमरी कोअरचीच होती, पण तिच्या एका वाचन-लेखन आवर्तनाला सुमारे ४ मायक्रोसेकंद लागत, फिल्मला फक्त ०.६. म्हणून प्रोसेसरला सतत लागणारी रजिस्टरं (चालू कामातली माहिती धरणाऱ्या छोट्या जागा) फिल्मवर ठेवली होती. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर निर्वातात, चुंबकीय क्षेत्र लावून बसवत. त्यामुळे चुंबकनाला एक ठरावीक दिशा मिळे आणि ते झटकन फिरे. पुढे नासासाठी आयबीएमने बनवलेल्या सिस्टम/३६० मॉडेल ९५ या संगणकातही फिल्म मेमरी होती.

मग ती मागे का पडली? वाचताना मिळणारा सिग्नल फार क्षीण असे, आणि तोवर कोअरही लहान व स्वस्त होत गेली. पुढच्या युनिव्हॅक ११०८ मध्ये तर फिल्मवरच्या रजिस्टरांची जागा इंटिग्रेटेड सर्किटांनी (चिपांनी) घेतली. इतकी कामाला आलेली मेमरी फसलेला प्रयोग म्हणून मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं.